पेशी अडकली म्हणजे मेली असं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मावशींना ब्रेस्ट कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू होतं, पहिल्या स्कॅनमध्ये गाठी निम्म्यावर आल्या, घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते, आणि सात महिन्यांनी औषध चालू असतानाच त्याच गाठी परत वाढलेल्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले रेझिस्टन्स आलाय, म्हणजे गाठी ह्या औषधाला दाद देईनात, आता एरिब्युलिन देऊ. तुम्ही वाचलंत की एरिब्युलिनपण पेशीविभाजनच रोखतं. म्हणून विचारताय की विभाजन थांबलं तर पेशी मरायलाच हवी ना, मग वाचते कशी? पेशींना औषधाची सवय लागते का? डोस वाढवून का देत नाहीत? आणि एक चाललं नाही तर त्याच जातीचं दुसरं कसं चालणार?

आधी एक सांगून टाकतो, मी पेशंट बघणारा डॉक्टर नाही. नावापुढे डॉ. लागतं पण ते पीएचडीचं, माझ्याकडे कोणी बीपी तपासायलासुद्धा येऊ नये. पण गेली बावीस वर्षं कॅन्सरच्या पेशींवर नेमकी हीच औषधं टाकून त्या मायक्रोस्कोपखाली काय काय करतात हे बघणं हेच माझं काम आहे, त्यामुळे ट्रीटमेंटचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, पेशीचं मला विचारा.

तर ही औषधं पेशीला थेट मारत नाहीत. अडकवतात. अडकलेली पेशी मरणार की निसटणार हे तिच्या आतच ठरतं आणि रेझिस्टन्सचा बराचसा खेळ तिथे चालतो. लोक फक्त "औषध आत गेलं की नाही" एवढंच बघतात, आणि खरं सांगायचं तर आमच्या फील्डनेही कितीतरी वर्षं तेच केलं.

पेशीच्या आत मायक्रोट्यूब्यूल नावाच्या पोकळ नळ्या असतात, जाडी २५ नॅनोमीटर, ट्यूब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या विटा एकावर एक रचून बनलेल्या. गंमत म्हणजे ह्या नळ्या कधी स्वस्थ बसत नाहीत, वाढत वाढत जातात आणि एकदम कोसळतात, परत वाढतात, परत कोसळतात, हे १९८४ साली मिचिसन आणि किर्शनर यांनी दाखवलं. वेडेपणा वाटतो ना, एवढं बांधायचं आणि पाडायचं? पण विभाजनाच्या वेळी पेशीच्या दोन टोकांकडून ह्याच नळ्या अंधारात चाचपडल्यासारख्या फिरतात आणि हाताला लागेल ते गुणसूत्र पकडतात, ४६ गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन बाजू, दोन्ही बाजू विरुद्ध टोकांना बांधल्या गेल्या पाहिजेत. चाचपडायचं तर नळी वाढलीही पाहिजे आणि चुकली तर मोडलीही पाहिजे.

आता औषधं. सदाफुलीतून निघालेली व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन विटा जुळूच देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल नेमकं उलटं करतं, नळी कोसळूच देत नाही, जणू सिमेंट ओतून टाकलं. हे उलटं काम पहिल्यांदा सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. दोन्हीकडून परिणाम एकच, चाचपडणं बंद. एरिब्युलिन आणखी तिसरं, ते जपानच्या समुद्रातल्या एका स्पंजमध्ये सापडलेल्या रेणूवरून बनवलंय आणि नळीच्या वाढत्या टोकावर बसून वाढ थांबवतं.

इथे थोडं विषयांतर करतो कारण मला राहवत नाही. पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून वेगळं काढून १९७१ मध्ये त्याची रचना ज्या दोघांनी प्रसिद्ध केली, मनरो वॉल आणि मनसुख वाणी, त्यातले वाणी आपल्या नंदुरबारचे, १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकलेले. नंदुरबारला किती जणांना माहीत असेल कोण जाणे. आणि सदाफुलीचं तर अजून मजेशीर, कॅनडात जमैकाहून पानं आली होती, तिकडे लोक डायबेटिसवर त्याचा चहा करून पितात म्हणून नोबल आणि बिअर यांनी उंदरांवर बघितलं, शुगर काही हलली नाही पण पांढऱ्या पेशी धाडकन खाली आल्या, त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन. आपल्याकडेपण शुगरसाठी सदाफुलीची पानं चावणारे आहेत, आणि आता कॅन्सरसाठीही चावतात. कृपा करून मावशींना देऊ नका. टनभर वाळलेल्या पानांतून चिमटीत मावेल एवढं व्हिन्क्रिस्टिन निघतं, त्यामुळे कॅन्सरला पुरेल इतकं औषध पानातून मिळणार नाही, पण त्यात बाकीची डझनावारी अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली जहाल रसायनं, असतात आणि केमो चालू असलेल्या लिव्हरला ती नकोच आहेत.

बरं, तर चाचपडणं बंद झालं की पुढे काय? पेशीत एक चेकपॉइंट असतो. एसटीचा कंडक्टर आठवा. सगळे चढून बसल्याशिवाय डबल बेल देत नाही. इथला कंडक्टर तर इतका कडक की ९२ पैकी एक जरी जागा बांधली गेली नसेल तरी बेल नाही. तेवढ्या एका सुट्या टोकाकडून "थांबा, थांबा" असा सिग्नल अख्ख्या पेशीत जात राहतो. औषध असताना टोकं सुटीच राहतात, म्हणून बेल होत नाही, म्हणून पेशी मध्येच अडकते. एरवी तासाभरात उरकणारं काम वीस-वीस तास लटकून राहतं.

आता मायक्रोस्कोपखाली हे कसं दिसतं ते सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा रात्रभराचा स्लॉट मिळाला. डिशमध्ये हीला नावाच्या, लॅबमध्ये वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी, गुणसूत्रांना हिरवा चमकणारा टॅग, ३७ डिग्री, पॅक्लिटॅक्सेल टाकलेलं, दर दहा मिनिटांनी एक फोटो. आमच्याकडचा इन्क्यूबेटरचा पंखा घरघर करायचा आणि लाइट गेली की सगळं मुसळ केरात, त्यामुळे मी तिथेच खुर्चीवर बसून. मला एका पेशीपासून झालेल्या दोन बहिणी सापडल्या, शेजारी शेजारी चिकटून बसलेल्या, अगदी सेम डीएनए, एकाच डिशमध्ये, एकच डोस. दोघी साधारण एकाच वेळेला गोल झाल्या, म्हणजे विभाजनाला लागल्या आणि अडकल्या. तास गेले, दोघी तशाच, हिरवा पुंजका मध्ये थरथरतोय. पहाटे कधीतरी एकीच्या अंगावर बुडबुडे यायला लागले, भजी तळताना तेलात येतात तसे, आणि तीन-चार फोटोंमध्ये तिचे तुकडे झाले. मेली. दुसरी? दुसरी अजून तीन तास तशीच बसली आणि मग हळूहळू चपटी होत डिशला चिकटली, विभाजन न करताच. आत एका केंद्रकाऐवजी लहान-मोठे दहा-बारा गोळे, डाळिंब फोडल्यासारखं. सकाळी सरांना दाखवलं तर म्हणाले हिला मेलेली धरू नकोस, तू हिचं पुढचं बघितलेलं नाहीस.

ते वाक्य मी बरीच वर्षं घेऊन फिरतोय.

ह्या दुसरीने जे केलं त्याला मायटॉटिक स्लिपेज म्हणतात, घसरणं. कंडक्टरने बेल दिलीच नाही पण गाडी उतारावर हळूहळू घसरत स्टँडबाहेर गेली. का घसरली? अडकलेल्या अवस्थेत राहायला पेशीला सायक्लिन-बी नावाचं प्रोटीन लागतं. चेकपॉइंट ते प्रोटीन नष्ट होऊ देत नाही, पण शंभर टक्के नाही, थोडं थोडं गळतच राहतं, हे २००६ मध्ये ब्रिटो आणि रीडर यांनी दाखवलं. आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं घट्ट गुंडाळलेली असल्यामुळे जीन्स वाचणं जवळपास बंद असतं, म्हणजे दुकानाचं शटर खाली, नवा माल जवळजवळ येत नाही, आहे त्या स्टॉकवर भागवायचं. सायक्लिन-बीचा डबा एका पातळीच्या खाली गेला की पेशी विभाजनातून बाहेर पडते, काम झालेलं असो नसो.

पण घरात दुसराही एक डबा असतो, एमसीएल-१. हे प्रोटीन पेशीला मरण्यापासून अडवून धरतं. तेही ह्याच काळात संपत जातं, आणि ते तर मुळातच नाजूक, पटकन नष्ट होणारं. तो डबा आधी रिकामा झाला तर पेशी आत्महत्या करते, म्हणजे माझी पहिली बहीण. सायक्लिन-बीचा आधी झाला तर दुसरी बहीण. बस, शर्यत एवढीच आहे. २००८ साली मँचेस्टरच्या गॅस्कॉइन आणि टेलर यांनी बऱ्याच वेगवेगळ्या कॅन्सर सेल लाइन्सचे, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींच्या वाणांचे, असे व्हिडिओ काढून हे नीट मांडलं. त्यांना दिसलं की एकाच लाइनमधल्या पेशींचंही नशीब वेगवेगळं, आणि किती वेळ अडकली ह्यावरून मरणार की निसटणार हे सांगता येत नाही. मी तो पेपर वाचला तेव्हा आनंद आणि जळफळाट दोन्ही झाला, कारण माझ्या हार्डडिस्कवर तेच पडून होतं आणि मी त्याला "नॉइज" म्हणून बाजूला ठेवलं होतं.

एकदा ही शर्यत डोळ्यासमोर आली की रेझिस्टन्सचे कितीतरी प्रकार आपोआप कळतात. चेकपॉइंट जरा ढिला झाला, सायक्लिन-बी लवकर गळालं, तर पेशी लवकर निसटणार. किंवा मरणाचा ब्रेक जास्त टिकला. एफबीडब्ल्यू-७ नावाचं एक प्रोटीन एमसीएल-१ ला कचऱ्यात पाठवायला मदत करतं, काही ट्यूमरमध्ये तेच हरवलेलं असतं, मग एमसीएल-१ टिकून राहतं आणि पेशी जगते, २०११ मध्ये हे दाखवलं गेलं. त्याचाच भाऊबंद बीसीएल-एक्सएल जास्त असला तरी तेच. ह्यातल्या कुठल्याही पेशीत औषध व्यवस्थित पोचलंय, नळ्यांना चिकटलंय, विभाजन थांबलंय. औषधाने आपलं काम चोख केलंय. तरी पेशी जिवंत.

आणि निसटल्यावर काय होतं? बऱ्याच जणी नंतरच्या दोन-चार दिवसांत मरतात किंवा कायमच्या थांबतात, पी-५३ नावाचा रखवालदार शाबूत असेल तर तो सहसा पुढे जाऊ देत नाही. पण कॅन्सरमध्ये हा रखवालदार किती वेळा बिघडलेला असतो हे तुम्हाला माहीत असेलच. मग ती दुप्पट गुणसूत्रांची, डाळिंबासारख्या केंद्रकाची पेशी परत डीएनए कॉपी करते आणि परत विभाजनाला येते. त्यातल्या थोड्याच तगतात. पण तगलेल्यांची गुणसूत्रं इतकी उलटसुलट झालेली असतात की पुढच्या औषधासाठी त्या जणू नव्या पत्त्यांचा डाव घेऊन बसलेल्या असतात.

आता पंप. कारण गुगल केलंत तर सगळ्यात आधी तोच सापडेल.

१९७६ मध्ये टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग यांनी हॅमस्टरच्या पेशी कोल्चिसिनमध्ये वाढवल्या, हेसुद्धा नळ्या जुळू न देणारंच. जगलेल्या पेशींच्या बाहेरच्या पडद्यात एक मोठं प्रोटीन सापडलं, त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. हा पंप आहे, एटीपी हे पेशीचं इंधन जाळून औषध बाहेर फेकतो. आणि एकच औषध नाही, कोल्चिसिनला सरावलेल्या पेशी व्हिनब्लास्टिनलाही दाद देईनात, पुढे पॅक्लिटॅक्सेललाही, डॉक्सोरुबिसिनलाही, ज्याचा नळ्यांशी काही संबंध नाही. मला ह्यात एक गोष्ट फार आवडते. आपल्या आतड्यात, लिव्हरमध्ये, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत हा पंप मुळातच असतो, खाण्यातून येणारी विषं बाहेर ठेवायला. आणि आपली औषधं कुठून आली? सालीतून, पानांतून, कंदातून. म्हणजे झाडांनी बनवलेली विषं आणि ती ओळखणारा प्राण्यांचा जुना वॉचमन, आपण केमो म्हणून तेच विष दिलं आणि कॅन्सरच्या पेशीने तोच वॉचमन कामाला लावला. पॅक्लिटॅक्सेल गोळीच्या रूपात नीट शोषलं जात नाही आणि सलाइनमधून द्यावं लागतं त्यालाही मोठं कारण आतड्यातला हाच पंप.

मग सगळे म्हणाले, सोप्पं आहे, पंप बंद करा. १९८१ मध्ये जपानच्या त्सुरुओ यांनी दाखवलं की व्हेरापामिल, हो, बीपीची गोळी, पंप अडवते आणि रेझिस्टंट पेशी परत मरायला लागतात. डिशमध्ये. माणसात तेवढं व्हेरापामिल दिलं तर हृदयच बसेल. मग व्हल्स्पोडार आलं, त्याने पंपासोबत लिव्हरचं औषध मोडणारं एन्झाइमही अडवलं, रक्तात केमो साचायला लागलं, डोस कमी करावा लागला, फायदा गेला. मग टॅरिक्विडार, फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या मोठ्या ट्रायल्स साइड इफेक्ट्समुळे २००३ मध्ये बंद. वीसेक वर्षं आणि अमाप पैसा गेला त्यात. पंपाला हात लावणं किती महाग पडू शकतं ह्याचा किस्सा अॅम्स्टरडॅमचा आहे. तिथे ह्या पंपाचा जीन काढून टाकलेले उंदीर बनवले होते, दिसायला ठणठणीत. पिंजऱ्यांत किडे झाले म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं आणि ते उंदीर मेले. पंप नसल्यामुळे औषध सरळ मेंदूत शिरलं होतं. १९९४ मध्ये ते छापून आलं. कोविडच्या वेळी घराघरांत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या बघितल्या तेव्हा मला सारखे ते उंदीर आठवत होते.

म्हणजे पंप खोटा आहे का? अजिबात नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशंट्सचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचले गेले, त्यात केमोनंतर परत आलेल्या काही ट्यूमर्समध्ये गुणसूत्र तुटून असं जुळलं होतं की पंपाच्या जीनपुढे दुसऱ्याच एका जीनचा स्विच येऊन बसला, आणि तो स्विच कायम ऑन. असं बघितलं की अंगावर काटा येतो. पण ते काही पेशंट्समध्ये, सगळ्यांत नाही. पंप इतका मोठा का वाटला? माझं मत असं की आपण डिशमध्ये रेझिस्टंट पेशी बनवतो त्या पद्धतीमुळे. महिनोन्महिने डोस हळूहळू वाढवत न्यायचा, शेवटी शंभरपट डोसमध्ये जगणारी पेशी उचलायची. एवढ्या डोसला पंपाशिवाय कोण टिकणार? मावशींच्या गाठीतल्या पेशींना शंभरपट डोस झेलायचाच नाहीये, त्यांना जेमतेम निसटायचंय. पास व्हायला ३५ लागतात, आपण बोर्डात आलेल्यांचा अभ्यास करत बसलो.

तिसरा मार्ग म्हणजे वीटच बदलायची. माणसात बीटा-ट्यूब्युलिनचे अनेक प्रकार आहेत, त्यातला तिसरा प्रकार एरवी मुख्यतः मज्जातंतूंमध्ये असतो, तो काही रेझिस्टंट ट्यूमर्समध्ये वाढलेला दिसतो आणि त्याच्या नळ्यांवर पॅक्लिटॅक्सेलचा जोर कमी पडतो. औषध चिकटण्याच्या जागेतली म्युटेशन्स, म्हणजे जीनमधले बदल, सेल लाइन्समध्ये भरपूर सापडली, पेशंट्समध्ये फारशी नाहीत. १९९९ मध्ये एक रिपोर्ट आला होता की फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तिसरा हिस्सा पेशंट्समध्ये अशी म्युटेशन्स आहेत, सगळे खूश, टेस्ट बनवू म्हणाले, नंतर कळलं की जीनोममध्ये ट्यूब्युलिनच्या जीनच्या खोट्या, बंद पडलेल्या कॉप्या पडलेल्या असतात आणि वाचल्या गेल्या होत्या त्या. आमच्या धंद्यात हे होतं.

"सवय" म्हणालात ना, तर खरीखुरी सवय लागलेल्या पेशीही आहेत बरं का. १९८३ मध्ये काब्राल यांनी अशा हॅमस्टर पेशी काढल्या ज्यांना पॅक्लिटॅक्सेल नसेल तर विभाजनच जमत नाही. त्यांच्या नळ्या मुळातच इतक्या लेच्यापेच्या झाल्या होत्या की औषधाचा टेकू काढला की कोसळायच्या. व्यसनच म्हणा. अशा लेच्यापेच्या नळ्यांच्या पेशींवर सदाफुलीचं औषध मात्र जास्तच चालतं. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे आहे, एका औषधाला रेझिस्टंट म्हणजे त्या अख्ख्या जातीला रेझिस्टंट असं नाही, कसा रेझिस्टन्स आलाय त्यावर अवलंबून आहे.

पण एरवी सवय हा शब्द फसवा आहे. विदर्भातली गुलाबी बोंडअळी आठवा, बीटी कापसाला एखादी अळी सरावली असं झालं नाही, लाखोंमधल्या ज्या थोड्या आधीच तग धरणाऱ्या होत्या त्यांचीच पिल्लावळ उरली आणि २०१७ मध्ये शेतंच्या शेतं गेली. एक सेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ निम्मी झाली तेव्हा कोण मेल्या आणि कोण उरल्या असतील, तुम्हीच बघा. फक्त माझ्या दोन बहिणींमुळे मला ह्यात एक जोड द्यावीशी वाटते. त्यांच्या डीएनएत काही फरक नव्हता. एकीच्या डब्यात त्या दिवशी एमसीएल-१ थोडं जास्त होतं, एवढंच. म्हणजे पहिल्या फेरीत वाचणं हे कधीकधी निव्वळ नशीब असतं, आणि त्या वाचलेल्या वेळात पक्के बदल करायला पेशीला सवड मिळते. अळीला ती सवड नसते.

इथवर सगळं डिशमधलं. आता खरी अडचण. डिशमधली पेशी दिवसाला एकदा विभाजते, माणसातली गाठ दुप्पट व्हायला आठवडे किंवा महिने घेते. कुठल्याही क्षणी शंभरात एखादीच पेशी विभाजनात असते, मग तेवढ्यांना अडकवून गाठ निम्मी कशी होते? २०१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या बेथ वीव्हर यांच्या ग्रुपने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंट्सच्या गाठीतून नमुने घेऊन मोजलं. गाठीत औषध इतकं कमी पोचत होतं की पेशी वीस तास अडकतच नव्हत्या. विभाजन होत होतं, पण दोनऐवजी तीन-चार टोकांत. तीन भावांत दोन भावांच्या जमिनीची वाटणी, कोणाला विहीर नाही, कोणाला रस्ता नाही. बहुतेक लेकी पेशींना कुठलं तरी महत्त्वाचं गुणसूत्र मिळतच नाही आणि त्या मरतात. आणि इथे निसटण्याची आणखी एक वाट आहे, विभाजनाच्या शेवटच्या क्षणाआधी ती जादा टोकं परत एकत्र ओढून दोनच करायची. ज्यांना ते जमतं त्या जगतात. त्याच ग्रुपने २०२१ मध्ये दाखवलं की ज्या गाठींत गुणसूत्रांचा गोंधळ आधीपासूनच जास्त असतो तिथे पॅक्लिटॅक्सेल जास्त चालतं, कारण आधीच काठावर असलेल्याला थोडा धक्का पुरतो.

मला हे पचायला वेळ लागला हे कबूल करतो. बावीसातली पंधरा वर्षं मी अडकलेल्या पेशी मोजल्या.

ह्याच कारणाने नवीन पिढीची औषधं बरीचशी आपटली असं मला वाटतं. नळ्यांना हात न लावता फक्त विभाजनातली एखादी मोटर किंवा एन्झाइम रोखायचं, म्हणजे मज्जातंतूंना त्रास नाही, कल्पना सुंदर. ईजी-५ नावाची मोटर रोखणारी, ऑरोरा, पीएलके-१ ही एन्झाइम्स रोखणारी, सगळी डिशमध्ये हिरो. पेशंट्समध्ये हाताला मुंग्या आल्या नाहीत खऱ्या, पण गाठी विशेष हलल्या नाहीत आणि पांढऱ्या पेशी मात्र पडल्या, कारण बोन मॅरो ट्यूमरपेक्षा कितीतरी वेगाने विभाजतो. शिवाय ईजी-५ अडवली की पेशी केआयएफ-१५ नावाची दुसरी मोटर पुढे करते. रिक्षा संपावर गेली की टमटम काढतात तसं.

डोस वाढवण्याचं उत्तरही ह्यातच आलं. बोन मॅरो आणि मज्जातंतू आधी हार मानतात. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या तंतूची लांबी मीटरभर, त्यात सगळी मालवाहतूक ह्याच मायक्रोट्यूब्यूलच्या रुळांवरून चालते, म्हणून मुंग्या आधी पावलांना येतात. उलट दर तीन आठवड्यांनी मोठा डोस देण्यापेक्षा दर आठवड्याला थोडा देणं ब्रेस्ट कॅन्सरमध्ये जास्त चांगलं ठरलंय, मावशींना तसंच देत होते.

आणि एरिब्युलिन? ते २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते अशाच पेशंट्ससाठी ज्यांची पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं आधी देऊन झालीयेत. त्या ट्रायलमध्ये मधला पेशंट (म्हणजे निम्मे त्याच्याहून जास्त जगले, निम्मे कमी) १३.१ महिने जगला, डॉक्टरांच्या पसंतीचं दुसरं औषध दिलेल्या गटात १०.६. मोठा फरक नाही, पण खोटा नाही. नळीवर त्याची बसायची जागा वेगळी असल्यामुळे वीट बदललेल्या पेशींवर ते चालू शकतं. पंप वाढलेला असेल तर मात्र पंप त्यालाही फेकतो. मावशींच्या गाठीत ह्यातलं नेमकं काय झालंय हे सांगणारी रोजच्या वापरातली टेस्ट आज नाही, त्यामुळे डॉक्टर "देऊन बघू" म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका, खरंच देऊन दोन-तीन महिन्यांत स्कॅन बघणं हाच मार्ग आहे. पंप बंद करायला म्हणून व्हेरापामिल वगैरे कोणी व्हॉट्सअॅपवर सुचवलं तर वर का नको ते सांगितलंच आहे.

एक काम मात्र घरच्यांनी करा. एरिब्युलिननेही पावलांच्या मुंग्या वाढू शकतात आणि मावशींना पॅक्लिटॅक्सेलच्या आधीच असतील. पेशंट सांगत नाहीत, केमो थांबवतील म्हणून घाबरतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, ब्लाउजचं हूक लावता येत नाही, गरम भांडं उशिरा चटकतं, असलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डे-केअरच्या सिस्टरना फोन करा, डोस थोडा कमी करून किंवा आठवडा पुढे ढकलून बऱ्याचदा भागतं.